दोघांनीं मिळून घ्यावयाचें सोंग

लोणार हें गांव ज्या कथेवर उभें आहे ती कथा एका सोंगाची आहे. लवणासुर जमिनीच्या पोटांत दडून राहात असे आणि त्याच्या विवराचें झांकण कोठें आहे तें त्याच्या दोन बहिणींखेरीज कोणासहि ठाऊक नव्हतें. तेव्हां श्रीविष्णूनें एका देखण्या तरुणाचें रूप घेतलें, त्या बहिणींचें मन वळविलें, त्यांच्याकडून ती जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्यानें झांकण उडवून देऊन दैत्याचा वध केला. सरोवराचें खारट पाणी म्हणजे त्या दैत्याचें रक्त, असें लोक मानतात. भूगर्भशास्त्र अर्थात् निराळी कथा सांगतें. अवकाशांतून आलेला एक पाषाण बेसॉल्टच्या काळ्या खडकावर आदळला आणि सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर झालें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनाप्रमाणें त्या गोष्टीस ५ लक्ष ७० हजार वर्षें झालीं. आज आम्हांस त्या पाषाणाशीं कर्तव्य नाहीं, सोंगाशीं आहे. दैत्यसूदनाच्या देवळापुढें ज्यांचें बालपण गेलें त्यांना तरी, दुसऱ्याचें रूप घेऊन दुसऱ्या जगांत शिरणें ही कल्पना विलायतेंतून आलेली वाटूं नये.

हें सांगण्याचें कारण असें कीं, अलीकडे तरुण जोडपीं एक प्रश्न विचारूं लागलीं आहेत. ‘आम्हां दोघांना मिळून खेळतां येईल असा ऑनलाइन भूमिका-खेळ कोणता?’ घरांतील वडील मंडळींच्या कानावर हा प्रश्न गेला तर तीं हंसतात, किंवा रागावतात. आमच्या मतें प्रश्न हंसण्याजोगा नाहीं आणि रागावण्याजोगा तर मुळींच नाहीं. मात्र त्याचें उत्तर बहुधा चुकीच्या जागीं शोधलें जातें. कोणत्या खेळाचीं चित्रें सुंदर, कोणत्या खेळाचें नांव मोठें, हें पाहून निवड होते. जें पाहावयास हवें तें राहून जातें.

ज्यांस हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा. खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर एक कल्पित जग अहोरात्र चालू असतें. त्यांत डोंगर असतात, अरण्यें असतात, बाजार आणि देवळें असतात, राक्षसहि असतात. हजारों माणसें आपापल्या घरीं बसून इंटरनेटच्या द्वारें एकाच वेळीं त्या जगांत वावरतात. प्रत्येकानें एक पात्र घ्यावयाचें, त्यास नांव, रूप आणि धंदा द्यावयाचा, कामगिऱ्या पार पाडावयाच्या आणि त्या पात्राला बळ व कसब यांच्या पायऱ्या एकेक चढवीत न्यावयाचें. आपण निजलों म्हणून तें जग निजत नाहीं. याचा आरंभ १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनीं केला. त्यांच्या ‘मड’ नांवाच्या खेळांत एकहि चित्र नव्हतें, सारें जग अक्षरांत वर्णिलेलें होतें. पुढें १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्यें ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ च्या नोव्हेंबरांत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला; त्या अखेरच्या खेळानें हा छंद जगभर नेला. आपल्याकडील भारुडांतलीं आणि लळितांतलीं सोंगें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना यांतलें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. सोंग घेतलेला मनुष्य जें बोलतो तें त्याला स्वतःच्या नांवानें बोलवत नाहीं.

आतां लोणारसारख्या तालुक्याच्या गांवांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. सासूसासरे, थोरले दीर, जाऊ, त्यांचीं मुलें, आणि दोन वर्षांपूर्वीं लग्न झालेलें एक जोडपें. मुलाची नोकरी पुण्यास, म्हणजे साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. सून येथेंच एखाद्या शाळेंत शिकविते, किंवा सासऱ्यांचें औषधपाणी पाहण्यासाठीं कांहीं महिने राहिली आहे. रोज रात्रीं फोन येतो. ‘जेवलीस का?’ ‘हो, मघांशींच. तुम्ही?’ ‘बाबांचें कसें आहे?’ ‘बरें आहे.’ दहा मिनिटांत बोलणें आटोपतें. याचा अर्थ माया आटली असा नव्हे. दोघांच्या आयुष्यांत एकत्र असें कांहींच घडत नाहीं, म्हणून बोलण्यास विषय उरत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या जोडप्यांचें वास्तव्य एकाच घरांत आहे त्यांचीहि गत फारशी निराळी नसते. सकाळपासून रात्रीं दहापर्यंत तीं दोघें सर्वांचीं असतात. दहानंतर थकलेलीं असतात. ज्यांचें घर मोठें त्यांचा एकांत लहान, असा हा व्यवहार आहे आणि एकत्र कुटुंबाचे कितीहि गुण गाइले तरी तो नाकारतां येत नाहीं.

तिसरी अवस्था याहून वाईट. दोघांपैकीं एकच खेळतो. नवरा रात्रीं कानाला यंत्र लावून अनोळखी मित्रांबरोबर दुर्ग जिंकीत बसला आहे, बायको दिवा केव्हां मालवला जाईल याची वाट पाहात पडली आहे; क्वचित् याच्या उलटहि असतें. अमेरिकेंतील ब्रिगहम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा भूमिका-खेळांत रमणाऱ्या ३४९ जोडप्यांची पाहणी करून २०१२ सालीं ती प्रसिद्ध केली. जेथें दोघेंहि खेळत होतीं तेथें शंभरांपैकीं ७६ जणांनीं खेळाचा आपल्या संसारावर चांगलाच परिणाम झाला असें सांगितलें. जेथें एकच खेळत होता तेथें असमाधान होतें. पण त्याचें मूळ खेळांत घालविलेल्या तासांत नसून खेळावरून होणाऱ्या वादांत आणि दोघांच्या निजण्याच्या वेळा न जुळण्यांत सांपडलें. ही पाहणी परक्या समाजांतली, हें खरें. तरी निजण्याच्या वेळेची गोष्ट ज्या संशोधकांनीं हेरली त्यांना संसार कळतो असें म्हणावें लागेल.

दांपत्यानें मिळून खेळणें आपल्याकडे नवें नाहीं. लग्नघरांतच सुपारी सोडविणें, विडा दातांनीं तोडणें, पाण्यांतून अंगठी शोधून काढणें हे खेळ होतात. ज्यांनीं एकमेकांशीं चार शब्दहि बोललेले नसत अशा वधूवरांचा पहिला सहवास आपल्या आज्यापणज्यांनीं खेळाच्याच मिषानें घडवून आणला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा हें नांव शंकर-पार्वतींच्या डावावरून पडलें असें सांगतात, आणि तो डाव पाहावयाचा तर लोणारहून फार दूर जावें लागत नाहीं. वेरूळच्या २१ व्या लेण्यांत आणि २९ व्या, म्हणजे धुमार लेण्यांत, तीं दोघें फांसे खेळत बसलेलीं कोरलीं आहेत. खालीं गणांनीं नंदीला सतावून सोडलें आहे. शिल्प मोठें प्रेमळ आहे. परंतु सारीपाटांत एकानें जिंकावयाचें आणि दुसऱ्यानें हरावयाचें, आणि पुराणांतहि त्या डावाचा शेवट रुसव्यांतच होतो. पुढें घराघरांतून पुरुषांचे पत्ते ओसरीवर आणि बायकांचे मंगळागौरीचे खेळ माजघरांत, अशी वाटणी झाली. नवराबायको एका बाजूस आणि संकट दुसऱ्या बाजूस, असा खेळ आपल्याला जवळ जवळ ठाऊकच नव्हता. भूमिका-खेळाचें नावीन्य येथें आहे, चित्रांत नाहीं.

म्हणून निवडीची पहिली कसोटी अशी कीं, दोघांचा हात सारखा नसतांना, दोघांचा वेळ सारखा नसतांना, तो खेळ त्यांना बरोबरीनें चालूं देतो काय? बहुतेक जोडप्यांत एकजण लहानपणापासून खेळत आलेला असतो आणि दुसऱ्यानें पत्त्यांपलीकडे कांहीं पाहिलेलें नसतें. त्यांतून पुण्याच्या एकाकी खोलींत वेळ भरपूर आणि लोणारच्या भरल्या घरांत अर्धा तासहि दुर्मिळ. जुन्या पद्धतीच्या खेळांत पंधरा दिवसांत एक पात्र चाळिसाव्या पायरीवर आणि दुसरें बाराव्या पायरीवर अशी दशा होई. मग पुढे गेलेल्यानें मागच्याला ओढून न्यावयाचें, म्हणजे राक्षस त्यानेंच मारावयाचे आणि हिनें मागून येऊन पडलेल्या मोहरा वेंचावयाच्या. ही सोबत नव्हे, वरात आहे.

या दृष्टीनें ‘गिल्ड वॉर्स २’ हा खेळ, जो २०१२ सालीं आला, आम्हांस फार विचारपूर्वक रचलेला वाटतो. त्यांत ८० पायऱ्या आहेत. परंतु ऐशींव्या पायरीवरचा वीर नवख्यांच्या प्रदेशांत आला कीं त्याचें बळ त्या प्रदेशाच्या मानानें आपोआप खालीं येतें, आणि दोघेंहि त्याच राक्षसापुढें घाम गाळतात. एकानें खाणींतून धातु काढली म्हणून दुसऱ्याची जात नाहीं. प्रत्येकाला आपला वांटा निराळा मिळतो. कोणी घायाळ होऊन पडला तर जवळून जाणारा कोणीहि त्याला उठवूं शकतो. मासिक वर्गणी नाहीं. मूळ खेळ २०१५ पासून विनामूल्य आहे, पुढचे भाग मात्र विकत घ्यावे लागतात. अडचण एकच, पण मोठी: तो मोबाइलवर चालत नाहीं. दोन्हीकडे बरा संगणक हवा.

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ हा २०१४ सालचा. आरंभीं त्यांतहि पायऱ्यांच्या भिंती होत्या; २०१६ च्या ऑक्टोबरांत चालकांनीं त्या पाडल्या आणि कोणत्याहि पायरीच्या कोणासहि कोठेंहि बरोबर फिरण्याची मोकळीक दिली. या जातीच्या खेळांतल्या अवघड भुयारांना बहुधा चार-पांच माणसें लागतात, म्हणजे जोडप्याला दोन-तीन परके शोधावे लागतात. या खेळानें २०२१ मध्यें प्रत्येक खेळाडूला एक कृत्रिम साथीदार बरोबर नेण्याची सोय केली, त्यामुळें दोन माणसें व दोन साथीदार मिळून चौघांची टोळी होते. संकोची जोडप्यांस ही मोठीच सोय. यांत ‘मारा’ नांवाच्या देवतेपुढें दोघांनीं प्रतिज्ञा करावयाचा एक विधि आहे. त्या विधीनें मिळालेल्या अंगठ्या घालून तीं दोघें एका टोळींत हिंडलीं तर अनुभवाचे गुण दहा टक्के अधिक मिळतात.

लग्नाचा थाट पाहावयाचा तर ‘फायनल फँटसी १४’ कडे जावें. २०१० सालीं त्याचें पहिलें रूप इतकें फसलें कीं कंपनीनें तें जग मोडून २०१३ मध्यें नवें उभारलें. अशी कबुली उद्योगांत क्वचित् दिसते. २०१४ पासून तेथें विवाहसोहळा होतो. निमंत्रणें जातात, पाहुणे जमतात, आणि वधूवरांना मिळालेली अंगठी वापरली कीं एकजण असेल तेथून दुसऱ्याच्या बाजूस येऊन उभा राहतो. पुण्यालोणारच्या जोडप्यानें ही अंगठी पाहून सुस्कारा टाकावा! कथानक या खेळाइतकें भरघोस दुसऱ्यांत नाहीं. पण जोडप्यांनीं दोन गोष्टी आधीं समजून घ्याव्या. कथेचे कांहीं भाग एकट्यानेंच पार पाडावे लागतात, दुसऱ्यानें तोंवर बाहेर ताटकळावयाचें. आणि त्याची विनामूल्य आवृत्ति पुष्कळ उदार असली तरी तींतील खेळाडूला स्वतः टोळी जमवितां येत नाहीं, फक्त दुसऱ्यानें बोलाविलें तर जातां येतें. म्हणजे दोघेंहि फुकट खेळूं म्हणतील तर दोघेंहि दाराशीं उभीं राहतील. एकानें तरी पैसे भरले पाहिजेत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येंहि २०१९ पासून जोडीदाराच्या पायरीशीं जुळवून घेण्याची सोय आहे, परंतु तेथें विसाव्या पायरीनंतर मासिक वर्गणी आहे, आणि त्याचा पसारा इतका वाढला आहे कीं नवख्या जोडप्याला त्यांत वाट सांपडणें कठीण. ज्यांचे मित्र आधींच तेथें आहेत त्यांनीं जावें.

दुसरी कसोटी एकत्र कुटुंबाची म्हणतां येईल. हांक आली तर उठतां येतें काय? ऑनलाइन जग कोणासाठीं थांबत नाहीं. ऐन लढाईंत ‘सुनबाई, जरा पाणी आण ग’ असा शब्द आला तर उठलेंच पाहिजे, आणि आपण उठलों कीं चार परक्या माणसांचा डाव मोडतो. तीं माणसें वाटेल तें बोलतात. तीं बोलणीं सोसण्यास कोणी खेळत नाहीं. म्हणून ज्या खेळांत मासे धरणें, लांकूड तोडणें, स्वयंपाक करणें, बी पेरणें अशीं कामें मुख्य असतात आणि लढाई गौण असते, तो खेळ भरल्या घराला अधिक मानवतो. तिसरी कसोटी यंत्राची. लोणारच्या बहुतेक घरांत मोबाइल आहे, मोठा संगणक नाहीं. त्यांतून या खेळांचे संगणक बहुतेक परदेशांत. भारतांतून युरोपांत संदेश जाऊन उत्तर येण्यास सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक काळ लागतो, पावसाळी रात्रीं जोडणी क्षीण असली तर त्याहून पुष्कळ. जेथें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत तलवार आडवी धरावयाची, तेथें असा खेळाडू हकनाक मरतो.

या तिन्ही कसोट्यांना जो खेळ उतरतो तो दिसण्यांत सर्वांत गबाळा आहे, हें सांगावयास आम्हांस मौज वाटते. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’! केंब्रिजच्या गोवर बंधूंनीं २००१ सालीं ‘रूनस्केप’ काढला. पुढें तो फार बदलला तेव्हां जुन्या खेळाडूंनीं ओरड केली, आणि २०१३ मध्यें चालकांनीं २००७ सालची जतन केलेली प्रत पुन्हा सुरू केली. तेव्हांपासून नवे बदल खेळणाऱ्यांच्या मतदानानें होतात. चित्रें ओबडधोबड, जणूं लांकडी बाहुल्या. पण २०१८ पासून तो मोबाइलवर चालतो, आणि त्या जगाची नाडी सेकंदाच्या सहा दशांशांनीं एकदां पडते. प्रत्येक हालचाल त्या ठोक्यावर होते. त्यामुळें संदेश थोडा उशिरा पोंचला तरी बिघडत नाहीं. बहुतेक कामें झाड तोडण्याचीं नि मासे धरण्याचीं. मध्येंच उठून पाणी देऊन आलें तर फार तर चार मासे कमी मिळतील.

त्यांतहि २०२१ च्या ऑक्टोबरांत निघालेला एक प्रकार जणूं आमच्या वाचकांसाठींच काढलेला आहे. दोन ते पांच माणसांनीं एक घर करावयाचें. त्या घरानें बाहेरच्या कोणाशींहि देवघेव करावयाची नाहीं. भाला हवा असेल तर लोखंड आपणच खणावयाचें, आपणच वितळवावयाचें, आपणच घडवावयाचें. आणि घराची एक सामाईक कोठी असते. नवऱ्यानें पुण्याहून रात्रीं अकराला मासे आणून कोठींत टाकावे, बायकोनें लोणारांत दुपारीं शाळेच्या मधल्या सुटींत ते उघडून शिजवून ठेवावे, आणि शनिवारीं दोघांनीं मिळून ती शिदोरी घेऊन लढाईला निघावें. एकत्र बसण्यास वेळ मिळो न मिळो, एकाची मेहनत दुसऱ्याच्या हातांत पडते. रात्रींच्या फोनला मग विषय असतो. ‘अहो, कोठींतले खेकडे कोणी संपवले?’ या प्रश्नाला ‘बरें आहे’ एवढें उत्तर पुरत नाहीं.

सोंग कोणतें घ्यावें याविषयीं थोडें. या खेळांत साधारण तीन धर्म असतात: ढाल धरून पुढें उभें राहणें, मागें राहून जखमा भरणें, आणि प्रहार करणें. नवरे आपल्या बायकांना जवळ जवळ न विचारतांच जखमा भरण्याचें काम देतात. घरीं दिवसभर जी दुसऱ्याच्या ताटांत काय कमी आहे तें पाहते, तिला रात्रींहि तेंच पाहावयास लावणें हा कसला खेळ? तिला परशु घेऊं द्यावा. आमच्या मतें जो नवखा असेल त्यानें पात्र आधीं निवडावें आणि जाणत्यानें उरलेलें घ्यावें, कारण जाणत्याला कोणतेंहि पेलतें. रूप स्त्रीचें घ्यावें कीं पुरुषाचें, याचाहि बाऊ नको. ज्या देवानें लोणारास तरुणाचें रूप घेतलें त्यानेंच समुद्रमंथनानंतर मोहिनीचें घेतलें. आणखी एक पथ्य अनुभवी जोडपीं पाळतात: दोघांचें म्हणून जें पात्र, तें दुसऱ्यावांचून एकट्यानें पुढें न्यावयाचें नाहीं, एकट्याला हौस आली तर त्यासाठीं वेगळें पात्र ठेवावें. सामाईक कोठीच्या प्रकारांत हें पथ्य थोडें सैल करतां येतें, कारण एकट्यानें केलेलें कामहि घरचेंच होतें.

नांवांची गोष्ट तर गमतीची आहे. ज्या घरांत आजीनें आजोबांचें नांव उखाण्याखेरीज कधीं घेतलें नाहीं, त्या घरांतली सून रात्रीं नवऱ्याला एखाद्या लांकूडतोड्याच्या नांवानें हांक मारते आणि त्यांत कोणाला वावगें वाटत नाहीं, कारण तें सोंगाचें नांव. पुष्कळदां जें तोंडावर बोलवत नाहीं तें ‘माझ्या लांकूडतोड्याचें आज कशांत लक्ष नव्हतें’ असें म्हणून विचारतां येतें. मात्र यांपैकीं एकाहि खेळाची भाषा मराठी नाहीं. सारें इंग्रजींत वाचावें लागतें आणि ज्याला तें जड जाईल त्याच्यासाठीं दुसऱ्यानें वाचून दाखवावें. तेंहि बोलणेंच आहे.

वडील मंडळींना काय सांगावें, हा प्रश्न उरतो. लोणारच्या सरोवरांत उतरलें कीं कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर म्हणून एक विहीर दाखवितात. एका बाजूचें पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचें खारट अशी तिची ख्याति आहे, आणि गोड बाजू कोणाची यावर दोन्ही पक्षांकडून विनोद होतात. २०२० च्या जून महिन्यांत, टाळेबंदी चालू असतां, सरोवराचें सारें पाणीच गुलाबी झालें होतें. पाणी आटून खार वाढला आणि खारांत वाढणारे सूक्ष्म जीव माजले, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. पात्र तेंच, पाणीहि तेंच, उष्णता आणि कोंडी वाढली म्हणून रंग पालटला. टाळेबंदींत कोंडलेल्या कितीतरी घरांचीहि तीच गत होती, आणि जोडप्यांनीं दार लावून खेळणें तेव्हां पुष्कळ सासवांना खटकलें. आमचा सल्ला असा कीं, खेळ चोरून खेळूं नये. ‘आम्ही दोघें रात्रीं साडेनऊ ते साडेदहा खेळतों’ हें नाटकाला जातों म्हणून सांगावें तितक्या सरळपणें सांगावें, एकदां सासूबाईंना ती कोठी आणि तींतले मासे दाखवावे, आणि साडेदहाला दोघांनीं एकदमच उठावें. एकानें ‘तू नीज, माझें एवढें एक राहिलें आहे’ म्हटलें कीं त्या अमेरिकन पाहणींतला वाद आपल्या घरांत शिरला असें समजावें. सासूसासऱ्यांनींहि त्या तासांत अगदीं अडल्याशिवाय हांक मारूं नये. जोडप्याला एवढा तास देणें हें मोठ्या घराला जड नाहीं.

पैशांविषयीं सावध असावें. २०२५ च्या ऑगस्टांत आपल्या संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यानें पैसे लावून खेळावयाच्या खेळांस बंदी आहे. वर्गणी भरून किंवा एकदांच किंमत देऊन निव्वळ करमणुकीसाठीं खेळण्याचे खेळ त्या बंदींत येत नाहींत. वर सांगितलेले खेळ या दुसऱ्या जातीचे. पण कांहीं खेळांत बंद पेट्या विकतात. आंत काय निघेल तें दैवावर. बेल्जियमनें २०१८ सालीं अशा पेट्यांना जुगार ठरविलें. घरखर्चांतून महिन्याची वर्गणी किती हें दोघांनीं आधीं ठरवावें आणि पेटीला हात लावूं नये. द्यूतप्रतिपदा वर्षांतून एकदांच येते, तेवढी पुरे.

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ निवडलाच तर पहिल्या संध्याकाळीं एवढें करावें. आधीं विनामूल्य भागांत दोन-चार दिवस हिंडून पाहावें. दोघांपैकीं एकाला जरी कंटाळा आला तरी तेथेंच सोडावें, आग्रह करूं नये. रुचलें तर नवीं पात्रें काढावीं. ज्या बेटावर नवख्यांस धडे देतात तें सोडण्यापूर्वीं तेथील शिक्षकाकडे गटाचा प्रकार मागून घ्यावा लागतो. हें विसरलें तर मागाहून कोठी मिळत नाहीं, पात्र पुन्हा पहिल्यापासून काढावें लागतें. त्या जगाच्या अनेक प्रती क्रमांकांनीं ओळखल्या जातात, म्हणून दोघांनीं फोनवर आधीं क्रमांक ठरवून घ्यावा, नाहीं तर एकाच पुलावर उभीं असूनहि एकमेकांना दिसणार नाहींत. मग एकानें घराला नांव द्यावें, दुसऱ्यानें पहिलें झाड तोडावें, आणि त्या लांकडावर पहिला मासा भाजण्याचें काम ज्याला स्वयंपाक येत नाहीं त्याच्याकडे द्यावें. तो करपतोच.